शह, मात आणि हस्तांदोलन

बुद्धिबळाला आपल्याकडे सध्या चांगले दिवस आले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले. त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी होता आणि नागपूरची दिव्या देशमुखही होती. त्याच वर्षी डिसेंबरात डी. गुकेश वयाच्या अठराव्या वर्षी सिंगापूरला जगज्जेता झाला. पुढे जुलै २०२५ मध्ये दिव्याने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. अशी बातमी आली की घरोघरी माळ्यावरचे पट खाली येतात, हरवलेल्या प्याद्याच्या जागी शर्टाचे बटण ठेवले जाते आणि चार दिवस का होईना, जेवणाच्या टेबलावर शह-मात सुरू होते.

पण बातमीत येणारी ही माणसे म्हणजे झाडाचा शेंडा. ज्याच्या जोरावर झाड उभे असते त्या मुळांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. गावोगावच्या शाळांच्या सभागृहांत, वाचनालयांच्या वरच्या मजल्यांवर आणि लग्नसराई संपली की रिकाम्या पडणाऱ्या मंगल कार्यालयांत शनिवार-रविवारी स्थानिक स्पर्धा भरतात. एकीकडे लांबलचक टेबले, त्यांवर गुंडाळून ठेवता येणारे हिरवे-पांढरे पट, दुसरीकडे वडापाव आणि चहाची सोय. खेळायला येणाऱ्यांत सात वर्षांची मुलगी असते, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा असतात, दुकान भावावर सोपवून आलेला व्यापारी असतो आणि दहावीचा अभ्यास चुकवून आलेला मुलगाही असतो. यांतले बहुतेक ग्रँडमास्टर होणार नाहीत. हे त्यांनाही ठाऊक असते. तरीही ते पुढच्या रविवारी पुन्हा येतात. का येतात, याचा हा थोडा विचार.

ओट्यावरचा डाव आणि सभागृहातला डाव

आपल्याकडे बुद्धिबळ काही नवे नाही. ते ओट्यावर, पारावर, देवळाच्या सभामंडपात खेळले जाई आणि त्याचे नियमही आपले होते. प्यादे एकच घर चाले. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेता येई. मीर सुलतान खान या पद्धतीत वाढला, नंतर युरोपीय नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकला. ओट्यावरचा खेळ कच्चा नव्हता हे सांगायला एवढे उदाहरण पुरे.

ओट्यावर आणि सभागृहात खरा फरक आहे तो वेगळाच. ओट्यावर चाल परत घेता येते. 'अरे थांब, मी तो उंट पाहिलाच नाही' असे म्हणायची सोय असते. भोवती जमलेले चौघे सल्ला देतात आणि हरलेला 'तुझ्यामुळे हरलो' म्हणून त्यांतल्याच एकावर खापर फोडून घरी जातो. सभागृहात ही वाट बंद असते. ज्या मोहऱ्याला हात लागला तोच हलवायचा. शेजारी घड्याळ चालू असते आणि वेळ संपली की उत्तम स्थितीतला डावही गमवावा लागतो. मोबाइल वाजला की डाव गेला. सल्लागार नाहीत, भागीदार नाहीत. पत्त्यांत हात वाईट आला म्हणता येते, क्रिकेटमध्ये पंचाने चुकीचे बाद दिले म्हणता येते. येथे दोघांनाही सारखीच सोळा मोहरी मिळालेली असतात. फार तर 'काळी मोहरी आली' एवढीच तक्रार उरते आणि पुढच्या फेरीत बहुधा तीही मिटते.

म्हणूनच जो मुलगा घरात सगळ्यांना हरवतो तो पहिल्या स्पर्धेत गोंधळतो. त्याला खेळ येत असतो. सबबीवाचून बसणे मात्र त्याला नवे असते.

कोणीच बाद होत नाही

या स्पर्धा 'स्विस लीग' पद्धतीने होतात. १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत ही पद्धत प्रथम वापरली गेली. तिची खुबी अशी की हरलेला बाद होत नाही. पहिल्या फेरीत यादीच्या वरच्या अर्ध्यातले खेळाडू खालच्या अर्ध्यातल्यांशी खेळतात. त्यानंतर ज्याचे जितके गुण, त्याची गाठ शक्यतो तितक्याच गुणांच्या खेळाडूशी पडते. जिंकणारा वर सरकतो आणि त्याला अधिक बलवान प्रतिस्पर्धी मिळतो. हरणारा खाली येतो आणि आपल्यासारख्याच हरलेल्याला भेटतो. आठ फेऱ्यांची स्पर्धा असेल तर दोनशे जणांपैकी प्रत्येकजण आठही डाव खेळून घरी जातो.

ऐकायला हे फार दयाळू वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की दिवसभरात आपली जागा आपल्याला अगदी नेमकी कळते. पहिल्या दोन फेऱ्या जिंकणारा गडी तिसऱ्या फेरीसाठी पुढच्या टेबलांवर जातो, पाहुण्यांसारखा ताठ बसतो आणि वीस चालींत मार खाऊन परत येतो. चौथ्या फेरीत त्याची मोहोर उतरलेली असते आणि समोर येतो आपल्याहून लहान, पण भुकेलेला कोणी. दुपारच्या जेवणानंतरच्या फेरीत निम्म्या चुका होतात असे जुने खेळाडू म्हणतात, ते काही खोटे नाही. भिंतीवर नव्या जोड्यांचा कागद लागला की त्याभोवती जी गर्दी होते, तीत कोणाचे काय चालले आहे हे चेहऱ्यांवरून वाचता येते.

गुण सारखे झाले की 'बुकोल्झ' नावाचा हिशेब लागतो. म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. जिच्याशी सकाळी दोन तास झुंजलो आणि जी मान खाली घालून उठली, ती मुलगी पुढच्या सगळ्या फेऱ्या जिंकावी अशी दुपारी आपणच मनोमन प्रार्थना करू लागतो, कारण तिच्या गुणांवर आता आपले बक्षीस अवलंबून असते. शत्रूचे कल्याण चिंतायला लावणारा असा हिशेब दुसऱ्या खेळात क्वचितच सापडेल.

आजोबा आणि नात एकाच पटावर

स्थानिक स्पर्धेत वयाचे व मुला-मुलींचे गट बक्षिसांपुरते असतात. पटावर सगळे एकत्र. हे आज आपण गृहीत धरतो, पण ते आपोआप झालेले नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले दशक गाजवले. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा वाद झाला. अखेर जागतिक संघटनेचे, म्हणजे फिडेचे, तेव्हाचे अध्यक्ष आणि माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी महिलांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. आज नऊ वर्षांची मुलगी साठीच्या काकांसमोर निर्धास्त बसते, त्यामागे ही लढाई आहे. अशा मुली घडतात त्याही गावच्या मंडळांत. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळासाठी आयुष्य वेचले. त्याच सांगलीतून पुढे स्वाती घाटेंसारखी खेळाडू आली.

मात्र एकत्र बसल्यामुळे काही दुखणीही येतात. त्यांतले मोठे दुखणे म्हणजे गुणांकन. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बसवलेली ही पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांकनातल्या फरकावरून डावाचा अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून बरा की वाईट यावर गुण वाढवायचे किंवा कापायचे, हे तिचे सूत्र.

समजा, काकांचे गुणांकन १६०० आहे आणि समोरच्या मुलीचे १४५०. दीडशेचा फरक असला की वरच्याने शंभर डावांत सत्तर गुण मिळवावेत अशी अपेक्षा. दीर्घ डावांच्या स्पर्धेत काका जिंकले तर त्यांना मिळतात अवघे सहा गुण, बरोबरी झाली तर जातात चार आणि हरले तर चौदा. मुलगी मात्र जिंकली तर अठ्ठावीस गुणांनी वर जाते, कारण अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी गुणक दुप्पट असतो. मुले झपाट्याने सुधारतात, त्यांचे गुणांकन त्यांच्या खेळाच्या मागे रखडलेले असते, म्हणून ही तजवीज. तर्काला धरून आहे; पण तीस वर्षे निष्ठेने खेळणाऱ्या माणसाचा आकडा दर उन्हाळ्यात थोडा थोडा झिजत जातो, त्याला तर्काने समाधान होत नाही. त्याचा खेळ तितकाच असतो. समोरची पिढीच वेगाने येत असते.

१ मार्च २०२४ रोजी फिडेने गुणांकनाची तळरेषा १००० वरून १४०० वर नेली आणि दोन हजारांखालच्या सगळ्यांना त्या प्रमाणात एकदाच वाढ दिली. १५०० चा खेळाडू रातोरात १७०० झाला. काही घरांत पेढे वाटले गेले असतील. पुढच्या रविवारी समोरचाही तितकाच वाढलेला निघाला, हे सांगायला नकोच.

जिंकलेला डाव

या खेळात हरण्याचे प्रकार अनेक आहेत, पण सर्वांत जिव्हारी लागते ते जिंकलेला डाव हरणे. चार तास कष्ट करून एक हत्ती जास्त मिळवावा, मनात घरी फोन करून कसे सांगायचे याची जुळणी करावी आणि त्या एका क्षणी आपला वजीर उघड्यावर ठेवावा. असे झालेला माणस काही वेळ पटाकडे नुसता पाहत राहतो. समोरच्यालाही धड आनंद दाखवता येत नाही.

अशा वेळी थोरांची आठवण उपयोगी पडते. १९८८ मध्ये ग्रँडमास्टर झालेला विश्वनाथन आनंद त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बील येथे आलोन्सो झपाटाविरुद्ध अवघ्या सहा चालींत डाव सोडून उठला होता. २००६ मध्ये बॉन येथे तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक संगणकाशी खेळताना एका चालीतली मात पाहायला विसरला. आणि सिंगापूरला गुकेशने जगज्जेतेपद मिळवले ते शेवटच्या, चौदाव्या डावात. तो डाव बरोबरीकडे चालला होता. डिंग लिरेनने पंचावन्नाव्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला आणि सारे संपले. एका चालीने जगज्जेतेपद इकडचे तिकडे झाले. आपल्या मंगल कार्यालयात चाळिसाव्या टेबलावर घडते ते याहून वेगळे नसते. फक्त तेथे छायाचित्रकार नसतात.

चार पटांचा संघ

एकट्याच्या या खेळाला सांघिक सामन्यांत वेगळाच रंग चढतो. मंडळे, बँका, कार्यालये, महाविद्यालये यांच्या सामन्यांत बहुधा चार-चारांचे संघ असतात. सर्वांत बलवान पहिल्या पटावर, मग क्रमाने बाकीचे. एरवी स्वतःपुरते हरणारा माणूस येथे तिघांसाठी हरतो. तीन डाव संपून गुण दीड-दीड झाले की सगळी गर्दी शेवटच्या पटाभोवती गोळा होते. तेथे बसलेला असतो संघातला सर्वांत कच्चा गडी, केवळ संख्या भरावी म्हणून आग्रहाने आणलेला. त्याच्या घड्याळात दोन मिनिटे उरलेली असतात आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिघा दिग्गजांना समोरची सोपी चाल दिसत असते. पण बोलता येत नाही. कर्णधारालासुद्धा 'बरोबरी घे' किंवा 'देऊ कर' एवढेच सुचवण्याची मुभा असते. पटावर काय चालले आहे यावर चकार शब्द काढता येत नाही. त्या गड्याने अर्धा गुण वाचवला तर वर्षभर त्याचे नाव निघते. नाही वाचवला, तर परतीच्या एस.टी.त त्याच्या शेजारी कोण बसतो आणि काय बोलतो, यावरून ते मंडळ कसे आहे ते कळते.

दाराबाहेरची मंडळी

आता थोडे दाराबाहेरच्या मंडळींविषयी. मुलांच्या स्पर्धांत पालकांना खेळाच्या जागेबाहेर थांबवतात आणि ते योग्यच आहे. कोणी खिडकीच्या गजांतून मान उंचावून पाहते, कोणी इतर पालकांशी शिकवणीच्या फीबद्दल बोलते, कोणी डबा मांडीवर घेऊन नुसते बसलेले असते. हौसेने, पदरमोड करून, आठवड्याची एकुलती सुट्टी घालवून ही माणसे येतात, त्यांच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

पण डाव संपून मूल दारातून बाहेर येते, तेव्हाची दोन मिनिटे फार नाजूक असतात. त्याचा चेहरा पाहूनच निकाल कळलेला असतो. तरी पहिला प्रश्न येतो, 'काय झाले?' आणि दुसरा, 'कितीचा होता तो?' समोरच्याचे गुणांकन कमी असेल तर मग विचारायलाच नको. 'अगं, त्या एवढ्याशा मुलाशी हरलीस?' हे वाक्य तो एवढासा मुलगाही ऐकत असतो. हल्ली यात आणखी भर पडली आहे. घरी गेल्यावर डाव संगणकात घातला जातो. ज्या वडिलांना उंट कसा चालतो हेही नीट ठाऊक नसते, त्यांना पडद्यावरचा आकडा मात्र वाचता येतो. 'ही बघ, येथे तू पाचने पुढे होतीस. येथे एका चालीत सगळे घालवलेस.' यंत्राला त्या चाली दिसायला क्षणही लागत नाही. मुलीने त्या तीन तास, रिकाम्या पोटी, समोरच्याच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करत शोधल्या होत्या. तिने सापडवलेल्या तीस चांगल्या चालींबद्दल कोणी बोलत नाही.

दहावीच्या आसपास कितीतरी मुले खेळ सोडतात. अभ्यासाचे कारण पुढे केले जाते आणि काही अंशी ते खरेही असते. पण हरण्याची भीती बसली म्हणूनही काही सोडतात. हरल्यावर पटावरचे दुःख तासाभरात विरते. घरापर्यंतच्या प्रवासातले बोलणे मात्र लक्षात राहते. जे मूल हरून आल्यावर आधी डबा खाते आणि मग आपणहून 'बाबा, मी कुठे चुकले ते दाखवू?' असे विचारते, ते मूल खेळात टिकते. ते विचारावेसे वाटणे हे बरेचसे दाराबाहेर थांबलेल्यांच्या हातात असते.

मग येतात तरी कशाला?

घरबसल्या मोबाइलवर जगभरातल्या कोणाशीही मध्यरात्री खेळता येते. हरायला लागलो की पडदा बंद करता येतो. समोरचा कोण हे ठाऊक नसते आणि त्यालाही आपण ठाऊक नसतो. असे असताना पहाटे उठून, एस.टी. पकडून, प्रवेश फी भरून माणसे या सभागृहांत का येतात?

एक कारण असे, की येथे डाव संपल्यावर हात पुढे करावा लागतो. ज्याने आपल्याला हरवले त्याच्या डोळ्यांकडे पाहून, त्याचा हात हातात घेऊन, निकालाच्या कागदावर सही करावी लागते. ही सही म्हणजे 'मी हरलो' याची कबुली असते आणि तीत कोणतीही सबब लिहायला जागा नसते. नोकरीत, संसारात, बाजारात आपण रोज थोडे थोडे हरतो. पण तेथे हार कोणावर तरी ढकलता येते, नाहीतर झाकता येते. मोठ्या माणसाने दर रविवारी उघडपणे हरावे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हावे, अशी तालीम देणाऱ्या जागा आपल्या जगण्यात फारशा उरलेल्या नाहीत.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. सही झाली की बहुतेक वेळा दोघेही उठून बाहेरच्या व्हरांड्यात जातात, तेथे एखादा पट मोकळा असतो आणि मघाचा डाव पुन्हा मांडला जातो. 'आजोबा, तुम्ही येथे घोडा का नाही घेतला?' 'अगं, मला वाटले तुझा हत्ती खाली उतरेल.' 'तो उतरलाच नसता, मी ते पाहिलेच नव्हते!' आणि दोघेही हसतात. मघाशी एकमेकांचा राजा कोंडायला निघालेली एक साठीची आणि एक नऊ वर्षांची व्यक्ती आता एकाच कोड्यावर डोके लावून बसलेली असते. कोण जिंकले हे त्या घटकेला दोघांच्याही ध्यानात नसते. तेवढ्यात आतून पंच हाक देतात, भिंतीवर पुढच्या फेरीच्या जोड्या लागतात आणि मोहरी तशीच सोडून दोघेही आपापले टेबल शोधायला धावतात.

तुमच्या गावात अशी स्पर्धा भरली तर या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. बक्षीस समारंभाला थांबला नाहीत तरी चालेल; व्हरांड्यात मात्र थोडा वेळ थांबा.